मशीन घालायचं कुणी? : एका ऊसतोड कुटुंबातल्या कर्णबधिर मुलीचं प्रकरण

मुलीला इथे चिमी म्हणू. खरं नाव, गाव, तालुका सगळं गाळलं आहे. जिल्हा बीड, एवढं पुरे. आमच्याकडे आली तेव्हा ती १८ महिन्यांची होती. मी कर्णबधिर मुलांची विशेष शिक्षिका. आमच्या केंद्रात तपासणी ऑडिओलॉजिस्ट करतात आणि श्रवणयंत्र बसल्यानंतरचं काम, म्हणजे ऐकायची सवय लावणं, भाषा रुजवणं, घरच्यांना ते करायला शिकवणं, हे माझ्याकडे येतं. आमच्या रजिस्टरमध्ये या कुटुंबापुढे लाल शाईनं 'ड्रॉपआउट' असं लिहिलेलं आहे. ते अक्षर माझं आहे, म्हणून हे प्रकरण मीच लिहायला घेतलं.

सापडली कशी

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरला सुरू झाला. जन्मजात बहिरेपण त्याच्या तपासणीच्या यादीत पहिल्यापासून आहे. जुलैतल्या अशाच एका भेटीत अंगणवाडीताईंनी पथकाला सांगितलं, ही हाकेला वळत नाही. मागून ताट वाजवून पाहिलं. चिमी समोरच्या मुलाच्या हातातला खाऊ बघत बसली होती, ती तशीच बसून राहिली.

जगभर या कामात १-३-६ हा हिशेब धरतात: पहिल्या महिन्यात कानाची चाळणी तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्कं निदान, सहाव्यापर्यंत यंत्र आणि मार्गदर्शन सुरू. चिमीच्या बाबतीत पहिला आकडा चुकला तो ती जन्मली त्याच आठवड्यात. तिचा जन्म जानेवारीतला, म्हणजे ऐन गाळप हंगामातला. आईनं आठव्या महिन्यापर्यंत ऊस तोडला आणि उसाच्या फडाजवळच्या एका गावात बाळंत झाली. गावाकडची आशाताई बाळाच्या पहिल्या ४२ दिवसांत घरी येऊन सहा-सात वेळा बघून जाते. पण ती ज्या घरात जाणार तिथे कुलूप, आणि बाळ अडीच-तीनशे किलोमीटरवर कोपीत, म्हणजे तोड मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीत. तिथल्या आशाच्या यादीत हे बाळ नाही, कारण ते तिच्या गावचं नाही. लशी कुठेकुठे मिळाल्या, कार्डावर तीन वेगवेगळ्या गावांचे शिक्के आहेत. कान कुणी तपासला नाही.

घरात मात्र एका माणसाला आधीच कळलं होतं. "म्या तर पहिल्या उन्हाळ्यातच म्हणले," आजी मला सांगत होत्या, "पोरगी भांड्याला दचकंना. लग्नाचा बँड दारावरून गेला, ही झोपलेली. पर सगळे म्हणले, हिचा बाप बी तीन वर्साचा झाल्यावर बोलला." बापाचं उशिरा बोलणं हे महाराष्ट्रात निदान लांबण्याचं सगळ्यात लोकप्रिय कारण असावं. मी तरी ते इतक्या घरांत ऐकलंय, की आता अर्ज भरून घेताना आपणहूनच विचारते.

ओएई चाचणीत दोन्ही कानांचा निकाल 'रेफर' आला, म्हणजे पुढे तपासा. ही चाचणी सोपी असते. कानात मऊ टोकाची नळी ठेवतात, बारीक टिकटिक सोडतात, आणि आतल्या शंखातल्या पेशी जिवंत असतील तर त्यांचा प्रतिसाद नळीतल्या माइकवर येतो. पुढची चाचणी बेरा, आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते मोजणारी. त्यासाठी मूल गाढ झोपलेलं लागतं. आम्ही नेहमीप्रमाणे सांगितलं, आदल्या रात्री उशिरा झोपवा, पहाटे लवकर उठवा, म्हणजे इथे आल्यावर झोपेल. त्यांनी अक्षरशः तसं केलं. पहाटे ५ ची एसटी धरली, ६० किलोमीटर एसटीनं छान झोका दिला, चिमी सगळी झोप बसमध्ये काढून टवटवीत होऊन केंद्रात उतरली. बेरा झाली नाही. पुढची तारीख तीन आठवड्यांनी. आमच्या सूचनापत्रकात 'बसमध्ये झोपू देऊ नका' ही ओळ आता आहे. ती या प्रकरणानंतर आली.

सप्टेंबरअखेर निकाल हातात पडला: उजवा कान ७० डेसिबल, डावा ७५, त्याहून हळू आवाज ऐकू येत नाही. समोरासमोरचं नेहमीचं बोलणं साधारण ५० ते ६० डेसिबलचं असतं. म्हणजे घरातलं बोलणं तिच्यापर्यंत पोचतच नव्हतं, बँड जवळून गेला तर काहीतरी पोचत असावं. एवढ्या ऐकण्याला चांगल्या यंत्राचा भरपूर उपयोग होतो. ऊसतोडीच्या टोळीत कुणीतरी 'ऑपरेशन करून घ्या, सरकार करतं' असं सांगितलं होतं. कॉक्लिअर इम्प्लांटसाठी केंद्राची योजना आहे हे खरं. पण चिमीला आधी यंत्राची नीट संधी द्यायला हवी होती, आणि ऑपरेशननंतरही कानावर बाहेरचं यंत्र रोज घालावंच लागतं, थेरपी वर्षानुवर्षं चालते. ते ऐकल्यावर वडील म्हणाले, "मंग फरक काय पडला?" प्रश्न बरोबर होता.

कारणाबद्दल एक छोटी गोष्ट. अर्ज भरताना सून सासूला आत्या म्हणत होती. आपल्याकडे सासूला आत्याबाई म्हणायची रीत आहेच, म्हणून मी विचारलं, नुसती हाक की खरी आत्या? खरी आत्या. आई-वडील मामे-आतेभावंडं. अशा लग्नात दोघांकडे एकाच जनुकाचा तोच दोष असण्याची शक्यता वाढते, आणि तसा तो असला तर दर बाळंतपणाला चारात एक इतका धोका राहतो. भारतात जीजेबी-२ नावाच्या जनुकातला एक ठरावीक दोष बऱ्याच कर्णबधिर मुलांत सापडतो. चिमीची जनुक तपासणी झालेली नाही, त्यामुळे तिच्याबाबत हा अंदाजच. मी तो सासू-सुनेसमोर मांडायला नको होता. पुढचे दोन महिने घरात कुणाच्या रक्तातून आलं यावर वाद चालला, आणि रक्त तर दोघींचं एकच.

यंत्र बसलं, टोळी उठली

ऑक्टोबरच्या मध्यावर दोन्ही कानांना यंत्रं बसली. वय २१ महिने. चालू केल्यावर चिमीनं आधी तोंड वेडंवाकडं केलं, मग आईच्या बांगड्यांकडे वळली. आई रडली. हा क्षण प्रत्येक केंद्रात मोबाइलवर टिपला जातो आणि सगळीकडे फिरतो. मला त्याची आता जरा धास्तीच वाटते, कारण त्या व्हिडिओनंतर सगळ्यांना वाटतं की काम झालं.

आम्ही त्यांना काय दिलं? दोन यंत्रं, मोल्ड म्हणजे कानाच्या मापाचे कानात बसणारे साचे, सेलची दोन पाकिटं, आईला दीड तासाचं समजावून सांगणं, एक छापील पुस्तिका, आणि 'दर मंगळवारी ११ वाजता' असं लिहिलेलं कार्ड. पंधरा दिवसांनी मुकादमाचा ट्रक आला आणि टोळी उठली. चिमी आईवडिलांबरोबर गेली. चार मंगळवार गैरहजर, फोन लागत नाही. आमचा नियम असा की सलग चार गैरहजेऱ्या झाल्या की नाव लाल शाईत. ते मी पाळलं.

एप्रिलमध्ये ती आपणहून परत आली. याला आमचा पाठपुरावा कारणीभूत नव्हता, आजी घेऊन आल्या. आजकालच्या यंत्रांत रोज किती वेळ चालू होतं त्याची नोंद राहते. संगणकाला जोडल्यावर आकडा आला: सरासरी दिवसाला ०.६ तास. छत्तीस मिनिटं. तेही बहुतेक पहिल्या पंधरवड्यातले.

मी आईला बोलले. काय बोलले ते आठवून लाज वाटते, म्हणून लिहीत नाही. ती शांतपणे ऐकत होती, मग म्हणाली, "मॅडम, मला सांगा, कवा घालू?"

आणि तिनं दिवस सांगितला. पहाटे तीनला उठणं, भाकरी, साडेचार-पाचला गाडी फडाकडे. चिमी गाडीत चिरगुटात गुंडाळलेली. अंधारात यंत्र पडलं तर सापडायचं नाही. फडात पोचल्यावर बांधाला पाचटाच्या ढिगावर मुलं ठेवायची, त्यांच्यावर लक्ष ठेवायला टोळीतल्याच कुणाची तरी दहा वर्षांची मुलगी. ती तीन बारक्यांना सांभाळणार की यंत्र? नवरा-बायको मिळून एक कोयता. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत टाकते. दुपारी भाकरीला पंधरा मिनिटं. संध्याकाळी कोपीवर परत, पाणी, चूल. रात्री कारखान्याचा नंबर लागला तर पुन्हा गाडी भरायला. "आन एवढं महागाचं मशीन पाचटात पडलं, कुणी जाळलं तर? उचलीत आधीच बुडालोय." उचल म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम. यंत्र मोफत मिळालेलं होतं, पण दीड तासाच्या समजावण्यात आमच्यापैकी कुणीतरी त्याची किंमत मोठ्या अभिमानानं सांगितली होती. तिनं ते जपलं होतं. प्लास्टिकच्या डब्यात, डबा लुगड्यात, लुगडं पेटीत.

अजून एक गोष्ट तिनं सांगितली. डिसेंबरात घालायला काढलं तर यंत्र शिट्टी मारायला लागलं. चिमी रडली, बाकीच्या बाया म्हणाल्या मशीन बिघडलंय, कानाला इजा करील. बिघडलं काही नव्हतं. दोन वर्षांखालच्या मुलाचा कान भराभर वाढतो, दर दोन-तीन महिन्यांनी मोल्ड नवा लागतो. सैल मोल्डमधून आवाज बाहेर येऊन पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. हे पुस्तिकेत पान ७ वर होतं. आई चौथीपर्यंत शिकलेली.

आकडे आणि एक आजी

या क्षेत्रात दोन अमेरिकी अभ्यास सगळ्यांना तोंडपाठ असतात. १९९८ साली कोलोरॅडोतल्या १५० मुलांवरचा: सहा महिन्यांच्या आत निदान होऊन मदत सुरू झालेल्यांची भाषा उशिरा सापडलेल्यांपेक्षा बरीच पुढे. आणि २००० साली नेब्रास्कातल्या ११२ मुलांवरचा: लवकर सुरुवात महत्त्वाची, पण भाषेवर सगळ्यात मोठा परिणाम दिसला तो घरच्यांच्या सहभागाचा, उशिरा आलेल्या मुलांनाही तो सहभाग बराच वर खेचतो. आमच्या प्रत्येक प्रशिक्षणात दुसरा अभ्यास दाखवतात आणि खाली लिहितात, 'पालकांचा सहभाग वाढवा'. वाढवा म्हणजे काय, तर पालकांना मंगळवारी बोलवा. चिमीच्या घरात सहभाग देणारं माणूस कोण आणि त्याच्याकडे दिवसातले किती तास शांत आहेत, हे विचारायला मला नऊ महिने लागले.

मे महिन्यात पहिल्यांदा घरी गेले. तेव्हा तीन वाटा समोर होत्या. आईनं पुढच्या हंगामात मागे राहायचं. म्हणजे नवरा अर्धा कोयता, आणि उचल मात्र पूर्ण कोयत्याची घेतलेली. ती फेडायला पुढचा हंगामही जाणार. दुसरी वाट, चिमी बरोबर आणि यंत्र पुन्हा पेटीत. तिसरी, चिमी आजीजवळ गावात. निर्णय घरच्यांनी घेतला असं अहवालात लिहिलं आहे. तसा तो घेतलाही. पण मी तिसऱ्या वाटेकडे चांगलंच ढकललं, हेही लिहायला हवं.

आजी साठीच्या, सही करत नाहीत, अंगठा. त्यांना पहिल्याच दिवशी मी सहा आवाजांची चाचणी शिकवायला घेतली. डॅनिएल लिंग यांनी बसवलेली ही चाचणी जगभर वापरतात: म, आ, ऊ, ई, श, स. या सहांत बोलण्यातल्या जाड-बारीक सगळ्या पट्ट्या येतात. रोज सकाळी यंत्र घातल्यावर मुलाला तोंड दिसू न देता एकेक आवाज काढायचा आणि ते वळतं का पाहायचं. कालपर्यंत 'स'ला वळत होतं आणि आज नाही, तर सेल उतरला किंवा मोल्डमध्ये मळ अडकला. मी तक्ता काढला, चित्रं काढली. आजी म्हणाल्या, "हे रोज आठवायचं कसं?" आणि मग स्वतःच लावून टाकलं: आ म्हणजे घास, श म्हणजे शू, स म्हणजे साप, म म्हणजे म्हैस, ई म्हणजे घाण. ऊ राहिला. त्यांनी चिमीला मांडीपुढे बसवलं, केस मोकळे केले आणि म्हणाल्या, "ऊ तर हितंच हाय की."

मी तिथेच बसून पाहत राहिले. दुपारी दोनची वेळ, गावात आवाज नाही. मूल पाठमोरं, स्थिर, कानापासून आजीचं तोंड वीतभर अंतरावर. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं पडतो, म्हणून आम्ही पालकांना घसा फोडून सांगतो, जवळून बोला. ओठ न दाखवता ऐकवा. मुलाचं लक्ष दुसरीकडे धावणार नाही अशी वेळ शोधा. उवा काढण्याच्या बैठकीत हे सगळं आपोआप होतं. आजी एकेक ऊ नखावर मारत आणि दर वेळी 'ऊऊऊ… सापडली!' म्हणत. तिसऱ्या आठवड्यात 'ऊऊऊ' ऐकलं की चिमी आपणहून मान खाली घालायला लागली. माझ्या तेरा वर्षांच्या नोकरीत याहून चांगली श्रवण-प्रशिक्षणाची जागा मी पाहिलेली नाही, आणि ती कुठल्या पुस्तिकेतही छापता यायची नाही.

आजींना एकच गोष्ट जड गेली, थांबणं. बोलायचं आणि मनात पाच आकडे मोजून मुलाच्या उत्तराची वाट पाहायची. त्या उत्तर स्वतःच देऊन मोकळ्या होत. "पाणी पाहिजे? हां घे." मी म्हटलं, आजी, तिला मागू द्या. "तान्हं लेकरू मागतंय व्हय?" शेवटी आम्ही तह केला: दिवसातून तीन वेळा, फक्त पाण्याच्या वेळी, थांबायचं.

खुणांबद्दल मला माझंच शिक्षण बाजूला ठेवावं लागलं. मी शिकले तेव्हा आम्हाला सांगत, घरच्यांच्या खुणा बंद करा, नाहीतर मूल बोलणार नाही. आजी आणि चिमी यांच्यात चांगल्या चाळीसेक खुणा होत्या. शेळी, ऊन, झोप, 'बापू गावाला गेला', सगळं. यंत्र येण्याआधीची जवळजवळ पावणेदोन वर्षं त्या मुलीला भाषा म्हणून जे काही मिळालं ते तेवढंच. मी ते तोडायला सांगितलं नाही, खुणेबरोबर शब्द म्हणा एवढंच सांगितलं. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा केंद्राचा शब्दकोश फोनवर बघता येतो, तो आजींच्या पुतण्याच्या मोबाइलमध्ये टाकून दिला. पुतण्यानं आठ दिवस हौसेनं पाहिला, नंतर नाही.

खरा उपयोग झाला तो एका माणसाचा. तीन कोसांवर एक कर्णबधिर गवंडी राहतो, निवासी शाळेत शिकलेला, चोवीस-पंचवीसचा. मी त्याला एका रविवारी चिमीच्या घरी बोलावलं. कर्णबधिर मुलांतली नव्वद टक्क्यांहून जास्त मुलं ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. अशा घरांत मोठा झालेला कर्णबधिर माणूस कुणी पाहिलेलाच नसतो, आणि त्यामुळे भविष्य म्हणून डोळ्यांपुढे फक्त अंधार असतो. चिमीचे वडील तोवर माझ्याशी दहा वाक्यंही बोलले नव्हते. त्यांनी गवंड्यासमोर बसून अंगठा-तर्जनी चोळून दाखवली, किती मिळतात? त्यानं काडीनं मातीत रोजाचा आकडा लिहिला. वडिलांनी भुवया उंचावल्या. मग गळ्यात हार घातल्याची खूण केली. गवंडी हसला, खिशातून फोन काढला आणि बायको-मुलाचा फोटो दाखवला. मुलगा ऐकतो, हे त्यानं कानाला बोट लावून, मान डोलावून सांगितलं. त्या दिवशी वडील मला फाट्यापर्यंत गाडीवर सोडायला आले. माझ्या सहा समुपदेशनांतून जे झालं नव्हतं ते तेवढ्या अर्ध्या तासात झालं, आणि गवंड्याचा प्रवासखर्च द्यायला आमच्या कोणत्याच शीर्षाखाली तरतूद नव्हती.

दिव्यांग प्रमाणपत्राचा किस्सा थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत ७० डेसिबलपासून पुढे 'बधिर', ६० ते ७० मध्ये 'ऐकण्यास कमी'. चिमी त्यात बसली. पण ५० डेसिबल दोष असलेली, वर्गात मागच्या बाकावर बसून निम्मं हरवणारी मुलं या रेषेच्या अलीकडे राहतात, आणि त्यांच्या आयांना मी काय सांगायचं ते मला अजून उमगलेलं नाही.

दुसरा हंगाम

नोव्हेंबर ते एप्रिल चिमी आजीजवळ राहिली. मंगळवारची सक्ती आम्ही काढून टाकली. महिन्यातून एकदा मी जायचं, एकदा पुतण्यानं उवांच्या बैठकीचा दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठवायचा. सेल आजी कुडाच्या भिंतीवर चुन्याचे ठिपके देऊन मोजत. रोज एक ठिपका, चौदा झाले की नवा सेल, आधी स्टिकर काढून मिनिटभर उघडा ठेवून. फेब्रुवारीत त्यांचा फोन आला: "मशीन शिट्टी मारायलंय. कान वाढला. माप घ्यायला या." मी ते वाक्य वहीत तारखेसह लिहून ठेवलंय.

रात्री आठला कोपीवरून आईचा व्हिडिओ कॉल. नेटवर्क असेल तर. तिलाही शिकवलं होतं की आधी नाव, मग थांब, मग पुढचं. पहिला महिना चिमी स्क्रीनला हात लावून निघून जायची. डिसेंबरात एका रात्री आईनं नुसतं "आऽऽ" केलं आणि चिमीनं तोंड उघडून घासासाठी पुढे केलं. आईनं तिकडून भाकरीचा तुकडा स्क्रीनला लावला. हे मला आजींनी सांगितलं, व्हिडिओ नाही.

एप्रिलमध्ये नोंद पाहिली: सरासरी ७.५ तास. चिमी तेव्हा सव्वातीन वर्षांची. बोललेले ओळखू येणारे शब्द ३४, समजणारे त्याच्या तिप्पट तरी, आणि दोन शब्द जोडायला सुरुवात: 'आजी ये', 'पानी नको'. ऐकणारी मुलं या वयात गोष्ट सांगतात, भांडतात, खोटं बोलतात. हे अंतर आहे आणि ते भरून निघेल असं मी घरच्यांना सांगितलेलं नाही.

टोळी परत आली त्या दिवशी मी मुद्दाम तिथे गेले होते. आईनं ट्रकमधून उतरून हात पसरले. चिमी आजीच्या लुगड्यामागे गेली आणि स्पष्ट, ऐकू येईल असं म्हणाली, "आई." आजीला. आजीनं तिला पुढे ढकललं, ती आली नाही. आई काही बोलली नाही. हंडा उचलला आणि पाण्याला गेली. मी त्या भेटीचा अहवाल लिहिला तेव्हा 'नवीन शब्द: आई' असं लिहून थोडा वेळ बसून राहिले. साडेसात तासांचा आकडा मी तीन बैठकांत दाखवला आहे. त्याची किंमत एकाही बैठकीत कुणी विचारली नाही, मीही सांगितली नाही.

आणि तरी पुढच्या वर्षासाठी माझ्याकडे तेवढीच योजना होती: पुन्हा आजी, पुन्हा गाव.

सप्टेंबरात गेले तर घरात वेगळंच ठरलेलं. आजी स्वतःच फडावर निघाल्या होत्या. शेळ्या भावकीत दिल्या, घराला कुलूप. "गुडघे दुखतात की तुमचे," मी म्हटलं. "कोपीत बसून दुखणारच हायत, हितं बसून बी दुखतात," त्या म्हणाल्या. "पोरगी आईजवळ बी राहील आन मशीनला बी माणूस राहील." टोळीतल्या आणखी दोन आयांनी आपली बारकी त्यांच्याकडे ठेवायची आणि त्या बदल्यात आजीच्या वाटचं सरपण-पाणी करायचं, असंही आपसांत ठरलं होतं. आम्ही तीन वाटा काढल्या होत्या, ही चौथी. माझ्या हरकती होत्या. कोपीवरचा गोंगाट, पाच महिने अंगणवाडी बुडणार, पावणेचार वर्षांच्या मुलीला आता बरोबरीच्या मुलांत बसायला हवं. मी त्या मांडल्या. सुनेनं ऐकून घेतल्या आणि म्हणाली, "व्हय, ते हाय." पण ठरलेलं बदललं नाही.

मग आम्ही आमच्या बाजूचं केलं. मोल्डचा एक जास्तीचा जोड. कारखान्यापासून जवळच्या जिल्हा केंद्राला चिठ्ठी आणि संक्रांतीच्या आठवड्यात मापाची वेळ. यंत्राला दोरा, दोऱ्याला पिन, पिन झबल्याला, म्हणजे पाचटात पडलं तरी लोंबकळत राहील. ओल शोषायला सिलिका जेलच्या पुड्या. रजिस्टरमध्ये चिमीच्या नावापुढे मी पत्त्याचे दोन रकाने केले, एक मे ते ऑक्टोबर, दुसरा नोव्हेंबर ते एप्रिल. लाल शाई खोडलेली नाही.

ट्रक लागायच्या आदल्या दिवशी आजी सेल न्यायला केंद्रात आल्या. मी वीस सेल मोजून टेबलावर ठेवले.

"बावीस लागत्यात," त्या म्हणाल्या. "भितीवर मोजलेत. आन पोरं दोन हरवत्यात."